जर्दाळू रंगाचा गुलाब : पारख आणि निवड

‘ॲप्रिकॉट’ अशी चिठ्ठी लावलेले गुलाबाचे रोप विकत घेणाऱ्यास पुढील वर्षभरात एकाच झाडावर चार निरनिराळ्या रंगांची फुले पाहावयास मिळण्याची शक्यता असते. ऐन थंडीत कळी तांबूस केशरी असते. फूल उमलू लागले, की तिच्यात गुलाबी झाक उतरते. एप्रिलच्या उन्हात तेच फूल सायीसारखे फिकट होते आणि पावसाळी ढगाळ दिवसांत कधी नुसतेच पिवळट दिसते. मग रोपवाटिकेने फसविले, असा ग्रह होतो. पुष्कळदा तो खरा नसतो. कधी कधी मात्र अगदी खरा असतो. या दोहोंतील भेद ज्याला कळतो, त्याचे पैसे तर वाचतातच, शिवाय चुकीच्या झाडाची निगा राखण्यात जाणारी दोन-तीन वर्षेही वाचतात.

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. मराठी घरात जर्दाळू म्हणजे सुक्या मेव्याच्या डब्यातील तपकिरी, सुरकुतलेले फळ. रंगाला नाव मिळाले आहे, ते काश्मीर, हिमाचल व लडाख या भागांत झाडावर पिकणाऱ्या ताज्या फळावरून. शब्द फारसी आहे. ‘जर्द’ म्हणजे पिवळा आणि ‘आलू’ म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचे फळ. ताज्या जर्दाळूची साल पिवळसर केशरी असून उन्हाकडच्या गालावर तिला किंचित लाली चढते. जर्दाळू रंगाच्या गुलाबात नेमके हेच तीन घटक असतात : तळाशी पिवळा, मध्यावर केशरी आणि कडेला गुलाबीची छटा. हापूसची फोड दुधात बुडवून काढावी, तसा तो रंग दिसतो, असे म्हटल्यास वाचकांस चटकन उमगेल.

आपल्याकडे या रंगाच्या आसपासची शब्दसंपत्ती कमी नाही. अबोली, केशरी, शेंदरी, मोतिया, बदामी ही नावे साडीच्या दुकानात आजही सहज कानी पडतात. गुलाबाच्या बाबतीत त्यांचा चांगला उपयोग होतो. फुलात गुलाबी आणि केशरी यांचा जोर असून पिवळा मागे पडला असेल, तर ते अबोली. पिवळ्यात तपकिरीची झाक असेल, तर बदामी. रंग उडून नुसती पिवळट शुभ्रता उरली असेल, तर मोतिया. जर्दाळू या तिन्हींच्या मधोमध बसतो आणि म्हणूनच दिवसागणिक यांपैकी कोणत्याही बाजूस सरकतो. इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्यांवर ‘पीच’, ‘सामन’, ‘बफ’, ‘अँबर’ असे जे शब्द लिहिलेले असतात, त्यांच्यावर फार विसंबू नये. ते बहुधा विक्रेत्याच्या आवडीचे शब्द असतात.

तज्ज्ञांचेही यात एकमत होतेच असे नाही. अमेरिकन रोझ सोसायटीने गुलाबांच्या रंगांचे जे वर्ग ठरविले आहेत, त्यांत जर्दाळू व जर्दाळू-मिश्र असा एक स्वतंत्र वर्ग आहे. तथापि, जगभर ज्याला या रंगाचा नमुना मानले जाते, तो ‘जस्ट जोई’ त्या यादीत केशरी-मिश्र वर्गात आढळतो आणि ‘लेडी हिलिंग्डन’ पिवळ्या-मिश्र वर्गात. तेव्हा रंगावरून नाव शोधू पाहणाऱ्याने यादीतील एकच पान उलटून थांबू नये.

पूर्वेचा वारसा

अठराव्या शतकाअखेरपर्यंत युरोपच्या बागांमध्ये प्रामुख्याने पांढरे, गुलाबी आणि जांभळट तांबडे गुलाब होते. चहाच्या पानांसारखा मंद गंध असलेले फिकट गुलाब चीनमधून इंग्लंडात पोहोचले, ते १८०९ आणि १८२४ च्या सुमारास. या ‘टी’ गुलाबांच्या पूर्वजांमध्ये ‘रोझा जायगँटिया’ ही भव्य वेल मोडते आणि ती आपल्या ईशान्य भारतातही रानात वाढते. सर जॉर्ज वॅट यांना ती १८८२ मध्ये मणिपूरच्या डोंगरांत आढळली होती. टी गुलाबांच्या संकरातून फ्रान्समध्ये १८५३ साली ‘ग्लुआर द दिजाँ’ ही बदामी-जर्दाळू रंगाची वेल आली आणि हा रंग युरोपात रुजला.

रंगाला खरी धग मिळाली, ती मात्र इराणकडून. ‘पर्शियन यलो’ हा गर्द पिवळा गुलाब १८३७ च्या सुमारास तेथून इंग्लंडात नेण्यात आला. लियाँचे संवर्धक जोझेफ पेर्ने-द्यूशे यांनी त्याचा संकर घडवून आणण्यासाठी अनेक वर्षे खटपट केली आणि १९०० मध्ये ‘सोलेय दॉर’ हा गुलाब बाजारात आणला. आज दिसणारे बहुतेक तेजस्वी पिवळे, केशरी आणि जर्दाळू गुलाब याच घराण्यातील आहेत. वारशात संपत्तीबरोबर कर्जही येते, हे बँकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. पर्शियन गुलाबाने रंगाबरोबर पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाची प्रवृत्तीही दिली. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जर्दाळू गुलाबांची पाने श्रावणात झडून जातात, त्याचे एक कारण या जुन्या सोयरिकीत आहे.

रंग का पालटतो?

पाकळीत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. गाजर, आंबा, पपई यांना पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइडे ही एक. जांभूळ व कोकम यांना रंग देणारी अँथोसायनिने ही दुसरी. गर्द पिवळ्या गुलाबात दुसऱ्या प्रकारचे द्रव्य जवळजवळ नसते, गुलाबी-तांबड्यात पहिल्या प्रकारचे नसते. जर्दाळू रंगाला दोन्ही लागतात : पहिले भरपूर, दुसरे चिमूटभर. ही चिमूट हवामानाच्या हाती असते. रात्री थंड झाल्या, की अँथोसायनिन वाढते व फूल गुलाबीकडे झुकते. उष्म्यात ते कमी तयार होते. फूल जुने होऊ लागले आणि ऊन प्रखर असले, की कॅरोटिनॉइडेही विरत जातात आणि बदामी अथवा मोतिया छटा उरते.

बदलीच्या नोकरीत घरसामानाबरोबर कुंड्याही नेणाऱ्या कुटुंबांना याचा अनुभव हमखास येतो. बेंगळुरूत वर्षभर मधाळ जर्दाळू रंगाची फुले देणारे झाड नागपूरला आले, की जानेवारीत अधिक खुलते आणि मे महिन्यात ओळखू येत नाही. झाड तेच असते, चिठ्ठीही खरी असते. म्हणून रंगाचा निर्णय एका फुलावरून किंवा एका ऋतूत करू नये. मैदानी प्रदेशात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येणारा बहर, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारीतील फुले, हीच त्या जातीची प्रातिनिधिक फुले समजावीत.

झाडाची पारख

रंग असा चंचल असल्याने ओळख पटविताना झाडाचे बाकीचे पुरावे पाहावे लागतात. स्वाक्षरी जुळत नसेल, तर बँकेत इतर कागदपत्रे पाहिली जातात, तसाच हा प्रकार आहे.

पहिला पुरावा म्हणजे कोवळी पालवी. टी गुलाबांच्या कुळातील जर्दाळू जातींची नवी पालवी बहुधा तांबूस, ब्राँझसारखी असते. ‘लेडी हिलिंग्डन’चे तर कोवळे दांडेही जांभळट असतात. पालवी पहिल्यापासून फिकट हिरवी असेल, तर या नावाविषयी शंका घेण्यास जागा आहे. त्यानंतर कळी पाहावी. ती लांबट व टोकदार आहे, की बुटकी व गोल. एका दांड्यावर एकटी येते, की घोसाने. मग उमललेले फूल : पाकळ्या किती, त्यांच्या कडा सरळ की झालरीसारख्या, मधले पुंकेसर दिसतात की अखेरपर्यंत झाकलेले राहतात. पाकळी उपटून तिचा तळ अवश्य पाहावा. खऱ्या जर्दाळू जातीत तो सोनेरी पिवळा असतो. तळ पांढरट असून वर केशरी-गुलाबी असेल, तर तो अबोलीच्या वळणाचा गुलाब समजावा. १९६० मध्ये आलेला आणि भारतीय बागांत घरोघरी पोहोचलेला ‘सुपर स्टार’ याच्याशी तुलना करून पाहिल्यास फरक लगेच ध्यानात येतो. त्याची झळाळी पेलार्गोनिडिन या निराळ्या रंगद्रव्यामुळे आहे.

गंध हा महत्त्वाचा, पण दुर्लक्षिला जाणारा पुरावा आहे. तो सकाळी आठ-नऊच्या सुमारास, अर्धवट उमललेल्या फुलाचा घ्यावा. चहाचा कोरडा वास, पिकल्या फळाचा गोड वास, लवंगेसारखा तिखट वास की काहीच नाही, एवढे नोंदविले, तरी संभाव्य नावांची यादी निम्म्यावर येते. काट्यांचा आकार व दाटी, पानांची चकाकी, झाडाची उंची आणि ते सरळ वाढते की पसरते, याही गोष्टी टिपून ठेवाव्यात.

आजकाल ओळख विचारण्यासाठी भ्रमणध्वनीवरील छायाचित्र पाठविले जाते. जर्दाळू रंगाइतका या छायाचित्रांत दुसरा कोणताही रंग बिघडत नसेल. फूल सावलीत, सकाळच्या उजेडात धरावे आणि शेजारी पांढरा कोरा कागद ठेवावा; छायाचित्रात कागद पांढरा दिसला, तरच फुलाचा रंग खरा. ट्यूबलाइटखाली काढलेले चित्र पाठविण्यापेक्षा न पाठविलेले बरे. चित्रेही चार हवीत : कळी, अर्धे उमललेले फूल, पूर्ण उमललेले फूल आणि गळण्याच्या बेतातील फूल.

चिठ्ठीवर व्यापारी नावाखेरीज एखादे चमत्कारिक सांकेतिक नाव असेल, तर ते जपून ठेवावे. त्याची पहिली तीन अक्षरे सहसा संवर्धकाची असतात : डेव्हिड ऑस्टिन यांची ‘एयूएस’, फ्रान्सच्या मेयाँ यांची ‘एमईआय’, जर्मनीच्या कोर्डेस यांची ‘केओआर’. व्यापारी नाव देशोदेशी बदलते. सुप्रसिद्ध ‘पीस’ गुलाब फ्रान्समध्ये ‘मादाम आ. मेयाँ’, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’ आणि इटलीत ‘जोइया’ या नावांनी ओळखला जातो. सांकेतिक नाव मात्र खातेक्रमांकाप्रमाणे सर्वत्र तेच राहते.

कोणती जात घ्यावी?

या रंगाची एकच जात लावायची असेल, तर ‘जस्ट जोई’ला पहिली पसंती द्यावी. इंग्लंडमधील कोल्चेस्टर येथील कँट्स या जुन्या रोपवाटिकेत रॉजर पॉसी यांनी तो तयार केला व १९७२ मध्ये आणला. ‘जोई’ हे त्यांच्या पत्नीचे नाव. जागतिक गुलाब महासंघाने १९९४ मध्ये त्याला सर्वांत आवडत्या गुलाबांच्या मानाच्या यादीत स्थान दिले. त्याची कळी ताम्रवर्णी असते. फूल मोठे, सैल, झालरीच्या कडांचे आणि फार सुगंधी. झाड बेताच्या उंचीचे व थोडे पसरट असल्याने मोठ्या कुंडीतही ते नांदते. प्रदर्शनातल्यासारखी घट्ट, उंच बांधणीची कळी हवी असणाऱ्यांची मात्र याच्याकडून निराशा होते.

उष्ण प्रदेशात अंगण आणि भिंत असेल, तर ‘लेडी हिलिंग्डन’सारखा गुलाब नाही. तो १९१० चा आहे. त्याची वेलस्वरूप जात १९१७ मध्ये आली. टी गुलाबाला ऊन मानवते, हिवाळ्याची कडक विश्रांती लागत नाही. फुले खाली मान घालून येतात, म्हणून वेल चढवून ती वरून न्याहाळण्यापेक्षा खालून पाहण्यात अधिक शोभा आहे. जाता जाता सांगावयाचे, तर हे हिलिंग्डन घराणे लंडनच्या बँक व्यवसायातील होते.

घोसाने फुलणारा हवा असल्यास ‘ॲप्रिकॉट नेक्टर’ हा १९६५ चा फ्लोरिबंडा चांगला. नावाप्रमाणे रंग असलेल्या थोड्या जातींपैकी तो एक. जागा ऐसपैस असेल, तर १९३९ चा ‘बफ ब्यूटी’ कमानीसारखा वाढवावा. ‘मेडॅलियन’ची फुले आकाराने प्रचंड, पण रंग फिकटाकडे लवकर झुकणारा. ‘व्हिस्की मॅक’चा अंबरसारखा रंग सर्वांत मोहक; झाड मात्र नाजूक प्रकृतीचे, भुरीला आणि फांद्या वाळण्याला लवकर बळी पडणारे. नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

डेव्हिड ऑस्टिन यांच्या वाटीदार, दाट पाकळ्यांच्या जातींचे आकर्षण अलीकडे फार वाढले आहे. १९८५ चा ‘अब्राहम डार्बी’, १९९९ चा ‘क्राउन प्रिन्सेस मार्गारेटा’ आणि २००९ चा ‘लेडी ऑफ शॅलॉट’ हे त्यांतील जर्दाळूकडे झुकणारे गुलाब. उटी, कोडाईकनाल, महाबळेश्वर अशा थंड ठिकाणी ते बहरतात. सपाटीवरील उन्हात त्यांची भरगच्च फुले दोन दिवसांत ढेपाळतात, हे किंमत मोजण्यापूर्वी लक्षात घ्यावे. पुष्पगुच्छातील सुंदर जर्दाळू गुलाब पाहून तेच झाड मागणारेही पुष्कळ असतात. तळेगाव दाभाड्यासारख्या ठिकाणी हरितगृहात वाढविल्या जाणाऱ्या या जाती लांब दांडा आणि फुलदाणीतील टिकाऊपणा यांसाठी निवडलेल्या असतात. घरच्या उघड्या बागेत त्या क्वचितच तसे रूप दाखवितात आणि गंधाच्या बाबतीत बहुधा हात आखडता घेतात.

जातीइतकेच महत्त्व जागेला आहे. सकाळचे पाच-सहा तास ऊन आणि दुपारनंतर सावली मिळाली, तर जर्दाळू रंग दोन दिवस अधिक टिकतो. विटांच्या तांबड्या भिंतीपुढे तो हरवतो, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे निस्तेज दिसतो. गर्द हिरव्या कुंपणापुढे किंवा निळ्या साल्व्हियाच्या संगतीत मात्र उजळून निघतो. गर्द गुलाबी ‘एडवर्ड’ शेजारी लावण्याचा मोह टाळावा.

खरेदी शक्यतो फुले असताना, डिसेंबर-जानेवारीत करावी आणि एकाच झाडावरील कळी व जुने फूल दोन्ही पाहून मगच रोप निवडावे. चंडीगढचे झाकिर हुसेन रोझ गार्डन, उटीचे शासकीय गुलाब उद्यान आणि पुण्यातील रोझ सोसायटीची प्रदर्शने ही नावानिशी गुलाब पाहण्याची ठिकाणे आहेत. गव्हाच्या संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. बी. पी. पाल यांनी भारतीय हवेला मानवणारे अनेक गुलाब स्वतः तयार केले आणि १९६६ मध्ये ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रंथालयात तो हाती लागल्यास जरूर चाळावा.

नाव हरवलेले झाड

पारखीची खरी कसोटी रोपवाटिकेत लागत नाही. ती लागते जुन्या अंगणात. शहरोशहरी बंगले व जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. अशा एखाद्या अंगणात आईने वा आजीने तीस-चाळीस वर्षांपूर्वी लावलेला जर्दाळू गुलाब असतो. चिठ्ठी केव्हाच गळून पडलेली असते, लावणारी व्यक्तीही नसते आणि जागा सोडण्याची तारीख ठरलेली असते. ‘याचे नाव सांगा, म्हणजे नवे रोप आणतो,’ असे म्हणत लोक हिंडतात आणि नाव सापडेपर्यंत यंत्र अंगणात येऊन उभे राहते. अशा वेळी नावाचा शोध बाजूस ठेवून आधी झाड वाचवावे. नाव मागाहून शोधता येते.

प्रथम, जिवंत आहे तो गुलाबच आहे की खाली उरलेला खुंट, हे पाहावे. कलमी गुलाबाचा वरचा भाग वाळून गेल्यावर खुंटाचे फुटवे जोमाने वाढतात आणि घरातील माणसे ‘हल्ली पांढरी, बारीक फुले येतात’ असे म्हणत त्यालाच पाणी घालीत राहतात. पाच पानांची डहाळी म्हणजे कलमी आणि सात पानांची म्हणजे जंगली, हा समज सर्वस्वी भरवशाचा नाही. उत्तम जातींनाही सात पाने येतात. फुटवा डोळा भरलेल्या सांध्याच्या खालून निघाला आहे काय, हे माती उकरून पाहावे. खुंट मल्टिफ्लोरा असेल, तर पानाच्या देठाच्या बुडाशी असलेल्या चिमुकल्या पर्णाला दातेरी झालर दिसते.

खात्री पटली, की हिवाळ्यात डोळे भरून घ्यावेत. पिवळ्या कुळातील गुलाबांची छाट कलमे लाल-गुलाबींच्या मानाने कमी जगतात, असा बागवानांचा अनुभव असल्याने केवळ फांद्या खोचून निश्चिंत राहू नये. फूल नुकतेच गळून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्यावी. तिचा काटा बोटाने ढकलताच स्वच्छ तुटला, तर ती योग्य पक्वतेची समजावी. फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी वापरावी. खुंटाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर देऊन ढालीच्या आकारात काढलेला डोळा आत सरकवावा आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. हाताला सवय नसल्यास एखाद्या माळ्याला अथवा रोपवाटिकेला फांद्या नेऊन द्याव्यात. मात्र एकाच्या भरवशावर न राहता किमान दोन ठिकाणी आठ-दहा डोळे भरावेत.

तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा व टपोरा दिसला, तर तो धरला. मग पट्टी सोडावी आणि खुंटाचा वरचा भाग डोळ्याच्या वर बोटभर अंतर ठेवून छाटावा. पहिली कळी दिसताच ती चिमटून टाकावी, म्हणजे फांदीला बळ येते. पुढची एक-दोन फुले लहान आणि फिकट येतील. त्यांवरून रंगाचा निष्कर्ष काढू नये. ऑक्टोबरची छाटणी होऊन थंडी पडली आणि तिसऱ्या-चौथ्या फुलाने पाकळ्या उघडल्या, की जुन्या झाडाच्या काढून ठेवलेल्या छायाचित्राशी ते ताडून पाहावे.